बारा मिनिटं पुढे

आमच्या लॅबमध्ये मला सगळे रीस्टार्टबाई म्हणतात. मी खरी रक्त तपासणारी. पण सहा वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी चिमट्याने ओढून काढला, आणि त्या दिवसापासून ज्याच्यातून वीज जाते ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. सर्व्हरसुद्धा. तो बसवला होता साहेबांच्या भाच्याने. भाचा मोठा तज्ज्ञ. बसवून झाल्यावर पंधरा दिवसांत त्याने दुसरीकडे नोकरी धरली आणि तेव्हापासून तो आमचा फोन उचलत नाही. साहेब म्हणाले, "आता तुम्हीच बघत जा, तुमचा हात चांगला आहे." नवा माणूस न नेमता जुन्या माणसाकडून दुप्पट काम करून घ्यायचं असलं की साहेबांना त्याचा हात चांगला दिसतो.

मी सर्व्हर शिकले तो शिव्या देत देत. डिस्क भरून सगळं ठप्प झालं तेव्हा कळलं की सर्व्हर बारीकसारीक प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो, त्याला लॉग म्हणतात, आणि तो वेळच्या वेळी साफ केला नाही तर एक दिवस गळ्याशी येतो. बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलची एक ओळ चुकीच्या जागी टाकली तेव्हा मी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं आणि स्टूल ओढून त्या खोक्यासमोर कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले. सर्व्हरची खोली म्हणजे साहेबांच्या केबिनशेजारची अडगळ, मध्ये प्लायवूडची भिंत. जगभरातले अनोळखी लोक इंटरनेटवर एकमेकांचे असले प्रश्न सोडवत असतात. ते वाचून वाचून मी एक गोष्ट मात्र पक्की उचलली. दुरुस्ती अशी करायची की काही बिघडलं होतं हेच कुणाला कळू नये. मला त्याचा अभिमान होता. आज तो आठवला तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आता घड्याळांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. आमच्या लॅबमधली सगळी घड्याळं बारा मिनिटं पुढे असतात. चुकून नव्हे, साहेबांच्या हुकमाने. लोक उशिरा येतात म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी ही युक्ती काढली. भिंतीवरची घड्याळं पुढे, हजेरीचं यंत्र पुढे, कॉम्प्युटर पुढे. सर्व्हर आल्यावर भाच्याकडून त्याचंही घड्याळ हाताने पुढे करून घेतलं आणि आपोआप वेळ जुळवायची सोय बंद करायला लावली. याचा फायदा शून्य. कारण पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना बारा वजा करता येऊ लागले आणि सगळे पूर्वीइतकेच उशिरा येऊ लागले. एकदा एका नव्या कारकुनाने भिंतीवरचं घड्याळ बरोबर करून ठेवलं, तर साहेबांनी त्यालाच शिडीवर चढवून, सगळ्यांना खाली उभं करून, ते पुन्हा पुढे करायला लावलं. वर "माफ करा" म्हणायला लावलं. त्यानंतर घड्याळाला कुणी हात लावला नाही.

मी लावला. मंगळवारी.

मंगळवारी दुपारी पेशंटना रिपोर्ट मेलने जाणं बंद झालं. बाहेर लोक खोळंबलेले, फोन खणखणतोय, आणि साहेब दर पाच मिनिटांनी दारात येऊन "झालं का?" विचारतायत. मी रीस्टार्ट केलं. पासवर्ड पुन्हा घातला. डिस्क पाहिली, रिकामी होती. फायरवॉल पाहिली, ठीक होती. तीन तास डोकं फोडल्यावर लॉगमध्ये एक ओळ सापडली: वेळ जुळत नाही. मेलवाल्या कंपनीने त्या दिवसापासून नियम कडक केला होता. त्यांच्या घड्याळात आणि तुमच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर दार उघडणार नाही. म्हणजे आख्ख्या जगाला आमच्या साहेबांच्या शिस्तीसाठी बारा मिनिटं पुढे सरकायला सांगायचं, नाहीतर सर्व्हरचं घड्याळ खरं करायचं. मी आपोआप वेळ जुळवायची सोय सुरू केली. सर्व्हर क्षणात बारा मिनिटं मागे आला आणि अडकलेले रिपोर्ट भराभर सुटले.

"झालं," मी साहेबांना म्हटलं.

"शाब्बास," ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. काय केलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला शिडीवर चढवलं असतं. बुधवारी हजेरीच्या यंत्रात सगळे बारा मिनिटं लवकर आलेले दिसले, कारण ते यंत्र सर्व्हरकडून वेळ घेतं. साहेब हरखून गेले. म्हणाले, शेवटी लोकांना शिस्त लागली.

सर्व्हरकडून वेळ घेणारं आणखी एक यंत्र होतं, पेशी मोजायचं; रिपोर्टवर त्याचीच वेळ पडते. आणि न घेणारा एक कॉम्प्युटर होता, रक्त घ्यायच्या खोलीतला. तो जुनाट, स्वतःच्या घड्याळावर चालणारा. हे मला माहीत होतं. मंगळवारी आठवलं नाही, एवढंच.

त्या खोलीत सुईताई बसतात. तेवीस वर्षं तिथेच. ज्याची शीर दुसरीकडे कुणालाच सापडली नाही असा माणूस त्यांच्याकडे येतो आणि बोलता बोलता मोकळा होतो. पेशंट खुर्चीत बसला की त्याचं नाव विचारायचं, ट्यूबवरच्या नावाशी ताडायचं, बारकोड वाचून नोंद करायची आणि मगच सुई लावायची, हा नियम. नोंद नंतर सवडीने केली तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जायला वेळ लागत नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. ताईंनी ते तेवीस वर्षांत एकदाही केलेलं नाही.

सोमवारी लॅबचं प्रमाणपत्र नवं करायला तपासनीस येणार होते. म्हणून गुरुवारी सकाळी साहेबांनी दोन दिवसांच्या नोंदी छापून घेतल्या. आणि त्यांना दिसलं की एकेचाळीस पेशंटचा रिपोर्ट त्यांचं रक्त घेण्याआधीच तयार झालेला आहे.

"नऊ एकेचाळीसला रिपोर्ट तयार," ते केबिनमध्ये ओरडत होते, "आणि नऊ सत्तेचाळीसला रक्त घेतलं! आम्ही काय ज्योतिषी आहोत? ताई, तुम्ही नाव न ताडता ट्यूबा आत पाठवता आणि मग गप्पा मारून झाल्या की एकगठ्ठा नोंदी करता. हेच ना?"

"नाही हो साहेब, मी प्रत्येक वेळी..."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

कॉम्प्युटर खोटंच बोलत होता. त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याकडे आल्या. डबा उघडला, तसाच बंद केला. "काय गं," त्या म्हणाल्या, "माणूस रोजचं काम करताना विसरत असेल का? म्हणजे हात करतो, पण डोकं कुठे असतं कुणास ठाऊक. माझ्याकडून खरंच राहत असेल का नोंद?"

मला त्याच क्षणी कळलं. नऊ सत्तेचाळीसातून बारा वजा केले की नऊ पस्तीस. रक्त नऊ पस्तीसला घेतलं, रिपोर्ट नऊ एकेचाळीसला झाला. सगळं जिथल्या तिथे. चूक त्या खोलीत नव्हतीच, सर्व्हरच्या अडगळीत होती आणि ती मी केली होती.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं: ताई, तुमचं काही चुकलं नाही. पाच शब्द. मी म्हटलं, "तुम्ही जेवा आधी. मी बघते." आणि त्या हात धुवायला गेल्या तेवढ्यात त्यांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर करून टाकलं. माझा हिशेब सोपा होता. उद्यापासून नोंदी सरळ येतील, साहेब चार दिवस बडबडतील आणि विसरतील, आणि मला परवानगीशिवाय घड्याळाला हात का लावला याचं उत्तर द्यावं लागणार नाही. काही बिघडलं होतं हेच कुणाला कळणार नाही.

शुक्रवारी नोंदी अगदी सरळ आल्या. एकही उलटी नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि दुपारी प्लायवूडच्या पलीकडून साहेबांचा आवाज आला.

"बघा! काल कान उपटले, आज सगळं सरळ. दोन दिवस एकेचाळीस, आणि आज एकसुद्धा नाही. आता तरी कबूल करा, ताई. पकडल्या गेल्यावर सुधारलात म्हणजे आधी करत होतात."

माझ्या दुरुस्तीनेच त्यांच्यावर शिक्का मारला होता.

ताई म्हणाल्या, "कागदावर दिसतंय म्हणजे... माझ्याकडूनच झालं असेल."

"लिहून द्या तसं. तपासनिसांना दाखवू, कारवाई केली म्हणू, विषय संपला. उद्या येऊ नका. सोमवारी मात्र त्यांच्यासमोर हजर राहा."

मी स्टुलावरून उठले. दारापर्यंत गेले. मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता, इतकी ती भिंत पातळ. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, "रीस्टार्टबाई, प्रिंटर अडकला!" आणि मी गेले. सुटल्यासारखी गेले. त्या प्रिंटरचा कागद मी जितक्या सावकाश काढला तितका आयुष्यात कधी काढला नसेल.

रात्रभर डोळा लागला नाही. शनिवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मंगळवारचं मेल, सर्व्हरचं घड्याळ, जुना कॉम्प्युटर, गुरुवारी मी गुपचूप केलेली दुरुस्ती. बोलताना माझा आवाज चढत गेला. "ताईंचा काडीचाही दोष नाही," मी म्हटलं, "तुमची युक्ती आणि माझी चूक. तो कागद फाडा."

मला वाटलं होतं ते भडकतील. ते भडकले नाहीत. त्यांनी खुर्चीकडे हात केला, मला बसवलं. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाले. "पण डोकं शांत ठेवा. घड्याळं पुढे होती हे बाहेर गेलं तर आपल्या इतक्या वर्षांच्या प्रत्येक रिपोर्टवरची वेळ खोटी ठरेल. लॅब बंद पडेल. वीस माणसं आहेत इथे, तुम्ही धरून. सोमवारी मी सांभाळून घेतो. ताईंनाही मीच सांगतो, आजच फोन करतो. तुम्ही मध्ये पडू नका."

"नक्की सांगाल?"

"शब्द देतो."

मला तो शब्द हवाच होता, म्हणून मी घेतला. खरं खोटं पारखायच्या भानगडीत पडले नाही. माझ्या फोनमध्ये ताईंचा नंबर होता. शनिवारी होता, रविवारीही होता.

सोमवारी तपासनीस आले. किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर, चहासुद्धा नको म्हणाला. सर्व्हरबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला म्हणून साहेबांनी मलाही केबिनमध्ये बसवलं होतं. ताई कोपऱ्यात बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. माझ्याकडे बघून त्या थोडंसं हसल्या. त्या हसण्यावरून मला कळायला हवं होतं की त्यांना कुणीही फोन केलेला नाही.

नोंदी चाळता चाळता तपासनिसांचं बोट थांबलं. "या एकेचाळीस काय आहेत?"

"आमच्याच लक्षात आलं ते," साहेब अगदी तुपासारख्या आवाजात म्हणाले. "एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. त्यांनी लेखी कबूलही केलंय. हा बघा कागद. आम्ही त्यांना कामावरून दूर केलंय. नोंदणी मंडळाला कळवायचं असलं तर तुम्ही अवश्य कळवा."

नोंदणी मंडळाला कळवलं की ताईंना पुन्हा कुठेच सुई हातात धरता येणार नाही. छोट्या दवाखान्यातसुद्धा नाही. हे साहेबांना माहीत होतं. तपासनिसांनी तो कागद घेतला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आपल्या फॉर्ममध्ये ताईंचं नाव लिहायला सुरुवात केली.

"लिहू नका," मी म्हटलं.

"बाई, तुम्हाला विचारलेलं नाही," साहेब म्हणाले.

"विचारलं नाही म्हणूनच ही वेळ आली! शाब्बास म्हणालात, काय केलं ते विचारलं नाहीत! शब्द दिलात आणि फोन केला नाहीत! एका बाईचे हात कापून तिलाच वर सही करायला लावता आणि अवश्य कळवा म्हणता? लाज कशी वाटत नाही हो?" मी ओरडत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला आणि तपासनिसांना म्हटलं, "तुमच्या मनगटावर किती वाजले?"

त्यांनी मनगट पाहिलं, भिंत पाहिली. पुन्हा मनगट पाहिलं.

मग मी त्यांना अडगळीत नेलं. ताईही मागून आल्या, साहेबही आले. मंगळवारचा लॉग उघडून दाखवला. पाच एकोणतीसची नोंद, आणि तिच्याच खाली पाच सतराची. "इथे घड्याळ खरं केलं," मी म्हटलं. "तेव्हापासून यंत्राची वेळ खरी आणि ताईंच्या कॉम्प्युटरची पुढे. गुरुवारी दुपारी मी तोही खरा केला, म्हणून उलट्या नोंदी थांबल्या. एकेचाळीस नोंदींतून बारा बारा मिनिटं वजा करा. एकही चुकीची निघणार नाही."

त्यांनी वजा केली. एकेचाळीसच्या एकेचाळीस, पेन्सिलने, उभ्या उभ्या. साहेब मध्येच काहीतरी वीस माणसांविषयी बोलू लागले तर हात वर करून त्यांना गप्प केलं. शेवटी त्यांनी ताईंच्या कबुलीच्या कागदावर आडवी रेघ ओढली आणि खाली स्वतःची सही केली. "प्रमाणपत्र थांबवतो," ते साहेबांना म्हणाले. "सगळी घड्याळं खरी करा, मग अर्ज करा." आणि मग माझ्याकडे वळून, फॉर्म भरायचा म्हणून विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "हे सगळं तुमच्या लक्षात कधी आलं?"

ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

"गुरुवारी," मी म्हटलं. "दुपारी."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

अडगळीतून साहेब गेले, तपासनीस गेले. मला वाटलं ताई रडतील, किंवा गळ्यात पडतील, किंवा एक थोबाडीत देतील. काहीही चाललं असतं. त्या स्टुलावर बसल्या.

"काल मी नऊ जणांकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"घरी. त्या एकेचाळीसांपैकी. पत्ते मिळाले तेवढ्यांकडे. म्हटलं, माझ्या हातून कुणाचं रक्त कुणाच्या नावावर गेलं असेल तर? एकजण शस्त्रक्रियेआधीचा होता. एकीचं रक्त कमी निघालं होतं, तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. सगळ्यांना सांगून आले, बाबांनो, चूक माझी आहे, त्या रिपोर्टवर जाऊ नका. ती पोरगी म्हणाली, मग गोळ्या बंद करू का? मी म्हटलं, पुन्हा तपासेपर्यंत कर."

पाच दिवस मी साहेबांवर चिडत होते, भाच्यावर चिडत होते, मेलच्या कंपनीवर, जुन्या कॉम्प्युटरवर, त्या पातळ भिंतीवर. आता चिडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"ताई, माझं..."

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला होता. पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी कीबोर्डवर ठेवला. नऊ नावं, नऊ पत्ते, ठसठशीत अक्षरात. "मी एकदा माफी मागून आले. मला बाहेर पेशंट थांबलेत. आता तू जा."

मी गेले. त्याच दुपारी, आधी त्या गोळ्यांच्या मुलीकडे. तिसरा मजला, दाराबाहेर चपलांचा ढीग. दार तिच्या आईने उघडलं. मुलगी आत पलंगावर आडवी होती, चेहरा पांढराफटक.

"लॅबमधून आले," मी म्हटलं. "तुमचा रिपोर्ट बरोबर आहे. गोळ्या पुन्हा सुरू करा, आजपासूनच."

"काल त्या बाई येऊन गेल्या की!" आई म्हणाली. "दारातूनच बोलल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. फार वाईट वाटत होतं हो त्यांना, माझ्याकडून चूक झाली म्हणत होत्या. आता चूक नाही म्हणता? मग त्यांनी कशाला माफी मागितली?"

वाटेत मी सगळं ठरवून आले होते. सर्व्हर, मेल, बारा मिनिटं, सोप्या शब्दांत कसं समजवायचं ते. आता ती बाई माझ्याकडे बघत होती आणि त्यातलं काहीच सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "मला ते माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."